सालीचा पट्टा

हितेंद्रने तेलाचा डबा अंगणात अलगद ठेवला. जम्मूपासून तो त्याने मांडीवर धरून आणला होता. डब्यात अक्रोडाचं वीतभर रोप होतं.

"चौकीवरच्या झाडाखाली उगवलंय, आबा," तो प्रेमराज आबांना म्हणाला. "तिथंच, खोडाला पाठ लावून, आपला हेमराज..."

आबांचा मुलगा तिरंग्यातल्या पेटीतून घरी आला होता; त्याच्या पलटणीतला हा जोडीदार पहिल्यांदाच येत होता. आबांनी कुदळ आणली आणि कुंपणाशी खड्डा खणायला घेतला. मे महिन्यातली शिंदखेड्याची जमीन. कुदळ ठणठण वाजू लागली.

हेमराजची आई, सुगंधाबाई, उंबऱ्यावर बसल्या होत्या. "ते मोठं झाड जगनं का रे भाऊ?"

"जगलं, माय!" हितेंद्रला हायसं वाटलं. या घरात सांगण्यासारखी एवढी एकच चांगली गोष्ट त्याच्यापाशी होती. "गोळे पडले त्या दिवशी चौकीचं छप्पर उडालं. आजूबाजूची झाडं उभी जळाली. हेही गेलंच म्हणत होतो आम्ही. पण बर्फ वितळलं आणि पालवी फुटली. साहेबांनी त्याला पार बांधलाय. हेमराजचं नाव कोरलंय त्यावर. जाता-येता सगळे हात लावतात."

"बठ्ठं झाड हिरवं व्हयनं?"

"सगळं नाही. समोरून पार सोललंय. खोडात अजून लोखंड आहे. मधे सालीचा एक पट्टा तेवढा शाबूत राहिला, हातभर रुंद. ओरखडासुद्धा नाही. तिथूनच नवी फांदी फुटली."

"कितला उच्चा शे तो पट्टा?"

"मुळापासून..." हितेंद्रने हात वर नेला आणि स्वतःच्या खांद्याशी आणून धरला. "एवढा."

बोलून गेल्यावर त्याला कळलं. पलटणीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, कोणी तोंडातून काढत नव्हतं. हात खाली घ्यायला हवा होता. तो तिथंच राहिला.

कुदळीचा आवाज थांबला.

सुगंधाबाई त्या हाताकडे बघत राहिल्या. खांद्यापासून जमिनीपर्यंत त्यांची नजर एकदा सावकाश उतरली.

"म्हनीसन त्यानी पेटी आम्हले उघाडू दिन्ही नही," त्या म्हणाल्या.