बारा वाजताची साक्ष

“मी आता जे सांगून राह्यलो, ते तुमाले बिलकूल खरं वाटणार नाही,” खुर्चीवर टेकायच्या आधीच निजामुद्दीन चाचांनी बजावलं.

“वाटायला हवं, चाचा. ही साक्ष आहे,” वकील विमलताई म्हणाल्या.

मिशनच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात टेबल मांडलं होतं. टेबलामागे चौकशीसाठी यवतमाळहून आलेल्या विमलताई. डावीकडे फादर सिल्वेस्टर. उजवीकडे दवाखान्यातला हिरवा पडदा आणि त्याच्याआड नर्स संगीता. सगळ्या साक्षी दोघांच्याही कानांवर पडाव्यात, म्हणून ही मांडणी. ईस्टरच्या आदल्या शनिवारी, दुपारी बाराला, औषधांच्या खोलीचं दार लावून फादरनी अंगाला हात लावला, ही तिची तक्रार. त्या वेळी मी गाडी दुरुस्त करून घेत होतो, हे फादरचं म्हणणं.

गाडी दुरुस्त करणारे चाचा. दुकान चर्चच्या समोर, आणि थापा पार बोरी अरबच्या बाजारापर्यंत पोचलेल्या.

“या चाचायची साक्ष कायले घेता, ताई?” संगीतानं सकाळीच विचारलं होतं.

“ज्याच्यावर आरोप आहे, त्याच्या माणसाचं ऐकल्याशिवाय मी एक ओळ लिहिणार नाही. तुझं ऐकलं, तसंच.”

तर चाचा सुरू झाले.

“फादर आले अकराले, गाडी ढकलत. मी कार्बोरेटर खोललं, तं आतमंदी जित्ता सरडा! डोळे मिचकावून माह्याकडं पाहून राह्यलता.”

“सरडा राहू द्या.”

“राहाले तयारच नव्हता तो. फादरच्या टोपीवर बसला!”

फादरच्या ओठांवर हसू आलं. चाचांची गोष्ट शेवटपर्यंत ऐकून घेणारा गावात तेवढा एकच माणूस होता.

पडद्याआड खुर्ची करकरली. ही साक्ष टिकली, की संगीता खोटारडी ठरणार होती. नोकरी जाणार ती वेगळीच.

“बारा वाजता फादर तुमच्यापाशीच होते, हे कशावरून?” विमलताईंनी विचारलं. “घड्याळ होतं?”

“घड्याळ कायले पाह्यजे?” चाचा खुलले. “बारा झाले, तसे फादरनं हात पुसले, समोर गेले, चर्चची घंटा वाजवली अन् वापस आले. बाराची घंटा रोजचीच हाय ना, ताई! मी तिच्यावरच डबा उघडतो. ग्रीसचा पंजा उमटलाय दोरीवर. पाची बोटं मोजून घ्या.”

“फादर?”

फादरनी क्षणभर फरशीकडे पाहिलं. मग मान हलवली. “हो. चाचांना नीट आठवतं.”

विमलताईंनी लिहायला घेतलं.

“चाचा,” पडद्याआडून आवाज आला, “त्या शनिवारी घंटा वाजलीच नाही.”

“काहून नाही? रोज वाजते!”

“रोज वाजते. पण ईस्टरच्या आधी, गुरुवारच्या रातीपासून शनिवारच्या रातीची मिस्सेची प्रार्थना होयेपर्यंत आमची घंटा बंद राह्यते. येशू थडग्यात असते, तवर दोरीले कोणी हात लावत नाही. वर्षातून तेवढेच दोन दिवस.”

पेन थांबलं. चाचांनी विमलताईंकडे पाहिलं नाही, पडद्याकडेही पाहिलं नाही.

“फादर,” ते म्हणाले, “मले ठाऊक नव्हतं. तुमाले तं ठाऊक होतं. मंग तुमी मान काहून हलवली?”