तिसरा नंबर

क्वांगच्या घराचं दार उघडंच होतं. आत पाऊल टाकता टाकता अरविंद थबकला.

इरा उभी होती. खुर्चीत बसलेल्या क्वांगपुढे तिनं चहाचा कप धरला होता, दोन्ही हातांनी, मान किंचित झुकवून. घरी हीच पोरगी हाक मारली की मोबाईलवरची नजर न काढता ‘वन मिनिट, बाबा’ म्हणायची.

सौदीतल्या अल खफजीच्या त्या कंपाउंडमध्ये नाशिकचा अरविंद आणि व्हिएतनामचा क्वांग शेजारी शेजारी राहत. दोघंही तेलकंपनीत इंजिनिअर. दहावीपर्यंत इराचं गणित अरविंदनंच घेतलं होतं. गेल्या वर्षी कॅल्क्युलस अडलं म्हणून ती क्वांगकडे गेली आणि मग जातच राहिली. आता जेवतानाही तिचं बोलणं ‘क्वांग सर म्हणतात’ इथूनच सुरू व्हायचं आणि अरविंदचा घास तोंडात फिरायचा. उद्यापासून शिकवणी बंद, ऑनलाइन क्लास लावलाय, एवढं सांगायला तो आज आला होता. क्लास काही लावलेला नव्हता.

“या, बसा,” क्वांग म्हणाला. “आमच्या नव्या वर्षाचा आज तिसरा दिवस. या दिवशी गुरूला भेटायचं असतं. मी सहज बोलून गेलो, तर हिनं लगेच चहा केला.”

“गुरूचा फारच मान दिसतो तुमच्याकडे.” आपल्या आवाजातला खवचटपणा अरविंदलाच ऐकू आला.

“जुनं आहे ते. कन्फ्यूशियसचा विचार चीनमधून आला, मागाहूनच्या पंडितांनी त्याला कडक शिस्तीत बसवलं. शेकडो वर्षं दरबारी नोकरीच्या परीक्षा त्यावरच होत. माझे खापरपणजोबा तीनदा बसले, तिन्ही वेळा नापास. पण घरात क्रम तोच राहिला. आधी राजा, मग गुरू, मग बाप.”

“बाप तिसरा?”

“तिसरा.”

इरा हसली. अरविंदला ते हसू झोंबलं. अठरा वर्षं या वाळवंटात काढली, ती तिसऱ्या नंबरासाठी?

“आणि तुम्हाला हे चालतं?” त्यानं विचारलं.

क्वांगनं टेबलावरचा फोन उगाच सरळ केला. “माझा मुलगा तुआन हनोईत शिकतो. आज त्याच्या गुरूंकडे गेलाय. तिथं आता रात्रीचे दहा वाजले. मला अजून फोन नाही. क्रम मीच शिकवला त्याला. आता रागवायचं कुणावर?”

आपल्यासारखाच जळणारा माणूस समोर बसलाय हे पाहून अरविंदला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. क्लासचं काही बोलायचं नाही, असं त्यानं ठरवून टाकलं.

“तुमच्याकडे बाप कितवा?” क्वांगनं विचारलं.

“दुसरा. आधी आई.”

“आई?” क्वांग विचारात पडला. “आमच्या तिघांत आई नाहीच.”

ओट्यापाशी त्याची बायको लिएन संत्री सोलत होती. इतका वेळ ती एक शब्दही बोलली नव्हती. आता सोलणं न थांबवता ती म्हणाली,

“तुआनचा फोन आला होता. मला. पहाटेच.”