घरचं बी

नबीलच्या कांद्यापुढे पहिल्या बक्षिसाचं लाल कार्ड लागलं आणि डेसच्या पोटात दुखू लागलं. डोक्याएवढा कांदा, सालीवर डाग नाही. शेजारी डेसचा, दुसरा. खाणकामगारांच्या क्लबातला सगळ्यात मोठ्या कांद्याचा हा चषक आजवर डेसच्या घराबाहेर गेला नव्हता.

"काल सीरियातून आला आणि आज आमच्या नाकावर टिच्चून चषक नेतोय!" डेसनं कोटावरचा ‘आधी आपली माणसं’चा बिल्ला सरळ केला. "हात वर करा रे. पुढच्या वर्षीपासून गावात जन्मलेल्यांचेच कांदे!"

बरेच हात वर गेले.

"उगाच नाकानं कांदे सोलू नकोस," त्याची बायको ब्रेंडा म्हणाली. "त्याचा मोठाय, एवढंच."

"कसा मोठाय ते विचार! परदेशी बी असणार."

इथं बी बापाकडून मुलाकडे जातं, बायकोलाही त्याचा पत्ता लागू देत नाहीत. डेसचा म्हातारा बाप विल्फ वृद्धाश्रमात गेला, तेव्हा डेसनं त्याचं बागेतलं खोपट पालथं घातलं होतं. बियांचा तंबाखूचा डबा काही सापडला नाही. बापाला जाऊन विचारायचं तेवढं राहून गेलं.

आज विल्फ क्लबातच, कांद्यांच्या टेबलाशी चाकाच्या खुर्चीत बसला होता. मागं नबील उभा होता. वृद्धाश्रमात तोच त्याचं सगळं करायचा.

"बी माझं आहे," विल्फ म्हणाला. "डबा दाखव रे."

नबीलनं संकोचत खिशातून पोचे आलेला डबा काढला. वर गेलेले हात हळूहळू खाली आले.

डेसनं डबा ओळखला. "बाबा, ते मला द्यायचं होतं!"

"नाताळच्या दुसऱ्या दिवशी पेरायचं असतं, ठाऊक आहे ना? दिवसभर डबा मांडीवर घेऊन बसलो होतो. तू आला नाहीस."

डेस पुढं झाला, नबीलला बाजूला सारलं आणि खुर्चीच्या मुठी घट्ट धरल्या. बाप तरी आपलाच होता. खुर्ची ढकलत तो दाराबाहेर, उतारावर आला.

फरशीच्या खाचेत चाक आपटलं. विल्फ कण्हला आणि मान वळवून मागं बघू लागला.

"नबील कुठंय? त्याला बोलव. तुला खड्डे चुकवता येत नाहीत."