सात मीटरचं उत्तर

"उत्तर सहा मीटर," मास्तर म्हणाले. "तू सात लिहिलं आहेस. गुण गेला."

मागच्या खुर्चीवर बसलेली शिवणवाली पुढे सरकली. टेबलासमोर उभी होती ती तिची लेक. अंगानं काडी आणि बोलणं टोचरं, म्हणून अख्खी गल्ली तिला टाचणी म्हणायची. ही संस्था गरीब घरातली हुशार मुलं निवडायची, आपल्या वसतिगृहात ठेवायची आणि थेट कॉलेज संपेपर्यंत शिकवायची. यंदा शेवटची एकच जागा उरली होती. परवा निकाल लागला, आणि पेपर पुन्हा दाखवा म्हणून मायलेकी आज इथं आल्या होत्या; पण जागा टाचणीच्या हातून जात होती एका गुणानं. एका! शिवणवालीला वाटलं, उठावं आणि मास्तरांचे पाय धरावेत. पण शिपायानं दारातच बजावलं होतं, आत पालकांनी तोंड उघडायचं नाही. ती ओठ मिटून बसून राहिली.

गणित म्हटलं तर साधं होतं. गणवेशाच्या स्कर्टची उंची साठ सेंटीमीटर, कापडाच्या रुंदीत एक स्कर्ट बसतो, तर दहा स्कर्टना किती लांब कापड लागेल?

"दहा गुणिले साठ किती?" मास्तरांनी विचारलं.

"सहाशे."

"म्हणजे सहा मीटर. मग हे सात कुठून आणलेस?"

"माया धरली, सर."

मास्तरांच्या शेजारी संस्थेच्या बाई बसल्या होत्या. त्यांचा चेहरा एकदम विरघळला. "किती गोड गं! पण बाळा, गणितात माया करून कसं चालेल?"

"करायची नाही, बाई. धरायची," टाचणी म्हणाली. घ्या! इथंही टोचलीच.

मग तिनं आपल्या स्कर्टची कड उलटी करून दाखवली. कापडावर दोन फिकट आडव्या रेघा होत्या. "ही पाचवीतली दुमड, ही सहावीतली. शिवताना आई आत जादा कापड सोडते, त्याला माया म्हणतात. मी वाढले की उसवायचं आणि खाली सोडायचं. शिवाय कमरेला दुमडायला लागतं ते वेगळंच. दर स्कर्टला दहा सेंटीमीटर धरले. तुमच्या सहा मीटरमध्ये दहा स्कर्ट कापले ना सर, तर दहाच्या दहा आखूड होतील."

मास्तरांनी चष्मा लावला आणि टेबलावरून वाकून त्या दोन रेघा पाहिल्या. "तीस वर्षं गणित शिकवलं मी," ते म्हणाले, "पण कात्री काही कधी हातात धरली नाही." त्यांनी पेपरावरची फुली खोडली आणि गुण दिला. "जागा तुझी."

शिवणवालीचा ऊर भरून आला. माझी पोर! भल्याभल्यांना पुरून उरली! आता उठायचं, हात जोडायचे आणि नाचत घरी जायचं, एवढंच बाकी होतं. पण तिचे पाय काही उठेनात. गल्लीत घरोघरी गणवेशच शिवले जायचे. तिथली सहा पोरं या परीक्षेला बसली होती, आणि सहाही मशीनच्या खडखडाटात वाढलेली. शेजारच्या कॉलरवालीची पोर तर निकाल ऐकून दोन दिवस जेवली नव्हती. गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? कुणाला नाही. तेच तिला सोसेना.

"सर," ती म्हणाली, "आमच्या गल्लीत सगळी शिवणारीच माणसं. तिथल्या बाकीच्या पोरांनीपण सातच लिहिलं असणार."

टाचणी गर्रकन वळली. आई, गप्प बस ना, असं तिचे डोळे ओरडून सांगत होते.

"अहो, जागा एकच आहे," बाई म्हणाल्या. "दुसरं कुणी पुढे निघालं तर तुमच्या मुलीची जाईल. कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय." शिवणवाली म्हणाली. "मोजूनमापून कापलंत तर एकच बसणार, बाई. जरा माया धरा की."

मास्तर असे काही खो खो हसले की दारातला शिपाई आत डोकावला. "ऐकलंत ना, बाई? वसतिगृह आपलं, खाटा आपल्या, आणि कापताना हात आखडतोय तोही आपलाच. हिची जागा पक्की. आणखी जितकी निघतील तितकी घेऊ. संस्थेच्या मंडळाशी मी भांडतो."

त्यांनी कपाटातून उत्तरपत्रिकांचा गठ्ठा काढला. नावं कागद चिकटवून झाकलेली होती. गठ्ठा त्यांनी बाईंपुढे ठेवला नाही. तो ठेवला शिवणवालीपुढे, आणि वर लाल पेन. "हा प्रश्न आता तुम्ही तपासायचा. कुणी विचार करून सात लिहिलंय आणि कुणी नुसतंच चुकलंय, ते आम्हाला कळायचं नाही."

शिवणवालीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तिनं पेन हळूच मागे सरकवलं.

"मला वाचता येत नाही, सर."

कुणी काही बोलायच्या आत टाचणीनं एक खुर्ची ओढली. आईला चिकटून बसली, पेन उचलून आईच्या हातात दिलं आणि पहिली उत्तरपत्रिका उघडली.

"मी वाचते," ती म्हणाली. "चूक का बरोबर, ते तू सांग."