राहिलेली गाठ

“आजी, एकच गाठ घाला आणि पुढे व्हा. मागे रांग आहे,” कपडेपट सांभाळणारी कानामी म्हणाली.

मासुए आजी जागच्या हलल्या नाहीत. “बारा वर्षांचे बारा प्राणी, त्यातल्या वाघाच्या वर्षात मी जन्मलेली. आमच्यासारखीनं वयाइतक्या गाठी घालायच्या असतात. वाघ हजार कोस गेला तरी घरी परततो. एवढंही ठाऊक नाही, आणि युद्धाची मालिका काढता होय?”

रांगेतल्या गावच्या बायका खुदखुदल्या. “वय किती आजींचं?” दिग्दर्शकानं लांबून विचारलं.

“शहाऐंशी.”

त्यानं कपाळाला हात लावला. सकाळी आठला सगळा देश भाताचा वाडगा हातात धरून बघतो ती पंधरा मिनिटांची मालिका, आणि तिच्यात हा प्रसंग जेमतेम दीड मिनिटाचा. नायक लढाईवर निघतो आणि हजार बायका त्याच्या कमरेच्या पट्ट्यावर लाल दोऱ्याची एकेक गाठ घालतात, एवढाच.

“कॅमेरा तुमच्यावर राहणार नाही, आजी.”

“मला कुठं दिसायचंय? पोरगा परत यायला हवा.”

जादाचा एक पट्टा देऊन त्यांना बाकावर बसवलं. समोर त्यांच्या लहानपणीचा रस्ता उभा केला होता. तोफूवाल्याची पाटी, बॉम्बच्या धक्क्यानं फुटू नयेत म्हणून काचांवर चिकटवलेले कागद, लाकडी खडावांचा टकटकाट. समुद्राकडून येणाऱ्या कोवळ्या उन्हात सगळं हलकंहलकं तरंगत होतं. सुई चालत राहिली आणि बघता बघता आजी पाच वर्षांच्या झाल्या.

तोकुजीदादानं पट्टा ताणून धरलाय. आई म्हणतेय, पाच घाल हं, बाई. एक, दोन, तीन, चार. मग डोळे मिटायला लागले. “उरलेली उद्या घालते,” म्हणाली ती. “बरं, उद्या,” म्हणाला दादा, आणि तिला उचलून अंथरुणावर ठेवलं. जाग आली तेव्हा दादाला लढाईवर नेणारी गाडी गेली होती. दोन वर्षांनी पांढऱ्या कापडात गुंडाळलेली पेटी आली. आत अस्थींच्या जागी एक दगड होता. तिला कुणी बोल लावला नाही, कारण एक गाठ राहिल्याचं घरात कुणाला माहीतच नव्हतं. पण चार गाठींचा वाघ अर्ध्या वाटेतच दमला असणार, ही खूणगाठ तिनं मनाशी बांधली ती बांधलीच.

शेजारी कुणीतरी येऊन बसलं. खाकी गणवेशातला नायक, हातात जवाच्या चहाचा पेला.

“कथेत तू परत येतोस का रे?” आजींनी विचारलं.

“सांगायची बंदी आहे, आजी.”

“मेल्या, मी काय गावभर दवंडी पिटणार आहे?”

तो हसला. पेला खाली ठेवून त्यानं पट्ट्याचं टोक धरलं आणि कापड नीट ताणून दिलं. आजींचा हात क्षणभर थांबला. मग सुई पुन्हा चालू लागली.

ऊन माथ्यावर आलं तेव्हा त्यांनी दोरा दातानं तोडला. कानामीनं पट्टा उलगडून बोटानं गाठी मोजल्या, पुन्हा एकदा मोजल्या, आणि कात्री काढली.

“आजी, सत्त्याऐंशी झाल्यात. एक जास्तीची आहे, उसवू ना?”

आजींनी तिचा हात धरला.

“असू दे, पोरी. ती कालची राहिली होती.”