परतीचं टेंडर

"दोनच टेंडरं आली," अंतराळ खात्यातल्या कुरणे साहेबांनी पाकिटं दाखवली. "नियमाला तीन लागतात. पुन्हा जाहिरात द्यावी लागेल, पंचेचाळीस दिवसांची."

"ह्यांच्याकडे प्राणवायू बत्तीस दिवसांचा आहे," क्षमा दातीर म्हणाली.

तिचा नवरा हेरंब चंद्रावर होता. इतर देशांच्या आधी आपला माणूस तिथे पोहोचावा म्हणून सरकारने घाईघाईत टेंडर काढलं आणि सर्वात स्वस्त कंपनीला काम दिलं. कंपनीने फक्त नेण्याचा दर भरला होता. आणण्याचा उल्लेख टेंडरमध्येच नव्हता. नेण्याचं काम मात्र तिने चोख केलं. तसा दाखला कुरण्यांनीच सही करून दिला होता.

"परदेशी यानं तर दर आठवड्याला रिकामी परततात, साहेब."

"त्यांचंच आहे की हे एक पाकीट. पण तिसरं आल्याशिवाय फोडलं तर माझ्यामागे चौकशी लागेल, वहिनी." साहेबांनी तिच्यासाठी चहा सांगितला. मनाने ते चांगले होते. "सामान असतं, तर एका टेंडरवर उद्या आणलं असतं."

"मग सामान म्हणून आणा!"

"जिवंत माणूस सामानात धरत नाहीत." त्यांनी आवाज खाली आणला. "तेहतिसाव्या दिवशी मात्र काहीच अडचण नाही. सामानाचा अर्ज आत्ताच भरून ठेवा, म्हणजे धावपळ नको."

क्षमाने अर्ज भरला. ती बाहेर आली तेवढ्यात हेरंबचा फोन आला.

"काय म्हणाले साहेब?"

"काम होईल म्हणाले."

"बघ! मी म्हटलं नव्हतं, माणूस चांगला आहे?"