ड्रमसेटसोबत दयाराम

"थांबा," दयाराम म्हणाला. "तो बोल्ट ढिला आहे."

फकिराने काड्या वरच्या वर धरल्या. कोपऱ्यात पालथ्या बादलीवर बसलेला दयाराम उठला, ड्रमच्या स्टँडचा बोल्ट पान्याने आवळला आणि पुन्हा बादलीवर जाऊन बसला. सकाळपासून त्याचं हेच चाललं होतं.

भिलाईच्या 'ब्लास्ट फर्नेस' बँडमधून दयारामला काढून पंधरवडा झाला होता. कारण सगळ्या सेक्टर दोनने कानांनी ऐकलं होतं. गणपतीत त्याने असा काही वेग धरला, की शामसुंदर दुसऱ्या कडव्यात गात असतानाच दयारामचं गाणं संपलं. कॅसेट काढायची ठरल्यावर बँडने माणूस बदलला. रुआबांध्याच्या भजनी मंडळातून ढोलकीवाल्या फकिराला आणलं. मग लक्षात आलं, की ड्रमसेट दयारामचाच आहे.

आता अख्ख्या भिलाईत दुसरा शोधायचा कुठे? शामसुंदर तोंड एवढंसं करून मागायला गेला.

"न्या ना," दयाराम म्हणाला. "पण मी संग येईन."

लग्नाला शेजारणीची कढई आणली की कढईमागोमाग शेजारीणही पदर खोचून येऊन बसते. तसा दयाराम रोज ड्रमसोबत येऊ लागला. सगळ्यांना वाईट वाटायचं, पण बोलणार कोण? खरी गोष्ट अशी होती, की त्याने घरी सांगितलंच नव्हतं. तो आणि त्याची आई सिंधुताई शामसुंदरच्या शेजारच्याच क्वार्टरमध्ये राहत होते. पोरगा ड्रम घेऊन जातो, ड्रम घेऊन परत येतो, एवढं त्यांना दिसत होतं. माझ्या दयारामची कॅसेट येणार, असं त्यांनी सगळ्या लाइनीत सांगून ठेवलं होतं. आईसमोर तोंडघशी पडायची दयारामला फार भीती वाटत होती.

रेकॉर्डिंग शामसुंदरच्या बैठकीच्या खोलीत चालू होतं. खिडक्यांना गाद्या लावल्या होत्या आणि आवाज येतो म्हणून पंखा बंद होता. बास गिटारवाला देवीदास उसना आणलेला टेपरेकॉर्डर सांभाळत होता. त्याने बटणं दाबली. फकिरा वाजवू लागला, शामसुंदर गाऊ लागला. सगळं जमून आलं होतं, आणि दारावर थाप पडली.

"दयाराम, दार उघड. मी आहो."

दयाराम बादलीवरून ताडकन उठला.

"माय आली," तो म्हणाला. "तिले सांगतलं नाही मी."

"यार, अब क्या करें?" देवीदासने विचारलं.

फकिरा उठला, काड्या दयारामच्या हातात दिल्या, पाना घेतला आणि स्वतः बादलीवर जाऊन बसला.

सिंधुताई आत आल्या त्या ताट आणि डबा घेऊन. ताटात हळदकुंकू, नारळ. डब्यात डाळीचे वडे.

"नारळ न फोडता मशीन चालू केली म्हणे तुम्ही," त्या म्हणाल्या. "प्लँटमधी तं नारळ फोडल्याशिवाय क्रेन नाही हलत."

त्यांनी टेपरेकॉर्डरला कुंकू लावलं, मग दयारामला लावलं. देवीदासने उंबऱ्यावर नारळ फोडला. सिंधुताई दिवाणावर बसल्या.

"वाजवा आता. मी आयकतो."

देवीदासने सवयीने बटणं दाबली. दयारामने आयुष्यात वाजवलं नव्हतं तसं तो वाजवू लागला. म्हणजे आणखी जोरात पळत सुटला. शामसुंदर त्याच्यामागे धापा टाकत शब्द गिळत राहिला आणि शेवटच्या कडव्यात त्याला नुसत्या ओळींची शेपटं पकडता आली. देवीदासचा बास कुठल्या कुठे मागे राहिला. गाणं थांबलं तेव्हा दयाराम घामाने निथळत होता आणि हसत होता. इतक्या दिवसांत त्याला हसताना कोणी पाहिलं नव्हतं. सिंधुताईंनी डोळ्यांना पदर लावला.

वडे खाऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "चाल रे, माह्यासंग सुपेल्याच्या बजारात. भाजी आणाची आहे. मले पिशवी उचलत नाही."

"आत्ता? काम चालू आहे ना, माय."

"तुहं गाणं झालं ना?"

आनंदात असलेला माणूस आईला नाही म्हणत नाही. दयाराम उठला, पण पाय निघेना.

"अन् ड्रम?"

"ड्रम कुठी पळून जाऊन राहिला? हा पान्यावाला पोरगा आहे ना."

"डावा बोल्ट पाहात राहजो," दयाराम फकिराला म्हणाला आणि पिशवी आणायला घरी गेला.

सिंधुताईंनी डब्यातले उरलेले वडे फकिरासमोर ठेवले.

"खाऊन घे, बापू. आमाले यायले दीड घंटा लागन. तेवढ्यात हेच गाणं तू पुन्हा वाजवून घे."

फकिराच्या हातातला वडा हातातच राहिला. "काकू, तुमाले..."

"मधात एकच भिंत आहे. पंधरा दिवस झाले, गाणं अन् ड्रम संगच संपून राहिले. मले समजत नाही का?" त्यांनी दाराकडे एकदा बघून आवाज खाली आणला. "त्याले सांगू नका. मले ठाऊक आहे हे समजलं, तं तो तुमच्यात येऊन बसाचं सोडून देईन."

शामसुंदरला मान वर करवेना.

"रोज पहिले एक डाव त्याले वाजवू देत जा. मंग मी येऊन नेत जाईन," सिंधुताई म्हणाल्या. "किती गाणे राहिले अजून?"

"तीन," देवीदास म्हणाला.

बाहेरून दयारामने हाक मारली. सिंधुताईंनी रिकामा डबा उचलला.

"म्हणजे तीन दिवस पिशवी भरून भाजी," त्या म्हणाल्या. "अन् घरी खाणारे आमी दोघंच."